समरकंदहून जयपूरला: जंतरमंतरमध्ये इस्लामी खगोलशास्त्र शिकवायचं झालं तर

जयपूरच्या जंतरमंतरमध्ये गाइड पाहुण्यांना सम्राट यंत्राजवळ, म्हणजे तिथल्या प्रचंड सूर्यघड्याळाजवळ, उभं करतो, संगमरवरी पट्टीवर सावली कुठे आहे ते दाखवतो आणि वेळ सांगतो. पाहुणे लगेच मनगटावरचं घड्याळ बघतात. वेळ जुळत नाही. फेब्रुवारीच्या मध्यात फरक चाळीस मिनिटांच्या आसपास असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेमतेम दहा. मग गाइड आजच्या तारखेला किती मिनिटं मिळवायची ते सांगतो, बेरीज जुळते, सगळे खूश होतात आणि घोळका पुढच्या यंत्राकडे वळतो.

शिकवण्याची सगळ्यांत मोठी संधी तिथेच हातची जाते, असं माझं मत आहे. यंत्र चुकत नाही आणि घड्याळही चुकत नाही. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. आपलं घड्याळ 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखांशाची वेळ दाखवतं. जयपूर आहे 75 अंश 49 मिनिटांवर. म्हणजे सत्तावीस मिनिटांचा फरक कायमचा. उरलेला फरक येतो तो सूर्याची आकाशातली चाल वर्षभर सारखी नसल्यामुळे. यंत्र सांगतं ती या अंगणातल्या सूर्याची वेळ.

इस्लामी खगोलशास्त्राचा मोठा भाग नेमका याच वेळेभोवती उभा राहिला. दुपारची नमाज सूर्य माथ्यावरून ढळल्यावर सुरू होते आणि त्यानंतरची असरची नमाज सावलीच्या लांबीवरून ठरते. उभ्या काठीची माध्यान्हीची सावली धरायची, तिच्यात काठीएवढी लांबी मिळवायची. सावली तेवढी झाली की असर सुरू. हनफी पंथात काठीच्या दुप्पट लांबी मिळवतात. हे गणित करायला मशिदींमध्ये ‘मुवक्कित’ नेमलेले असत. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत हे काम इब्न अल-शातिर करत होता. त्यानं तिथल्या मिनारासाठी केलेलं सूर्यघड्याळ प्रसिद्ध आहे, आणि चंद्राच्या गतीची त्याची मांडणी गणिताच्या दृष्टीनं पुढे कोपर्निकसनं वापरलेल्या मांडणीसारखीच आहे. रोजची गरज आणि उच्च दर्जाचं गणित एकाच माणसाच्या हातात होतं. हे सांगायला एक मीटरची काठी, सपाट फरशी आणि खडू एवढं सामान पुरतं.

यासाठी जयपूरच का निवडलं

सवाई जयसिंहांनी (1688–1743) दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा इथे वेधशाळा बांधल्या. मथुरेची राहिली नाही. जयपूरची सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत चांगली राखलेली. 1901–02 मध्ये गॅरेट या इंग्रज अधिकाऱ्यानं तिची दुरुस्ती केली तेव्हा मदतीला चंद्रधर शर्मा गुलेरी होते, हिंदी कथाकार म्हणून आपण ओळखतो तेच. 2010 मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

ही वेधशाळा इस्लामी खगोलशास्त्राचं प्रदर्शन म्हणून कुणी बांधली नाही. जयसिंहांना हवी होती अचूक कोष्टकं, म्हणजे अमुक दिवशी अमुक ग्रह कुठे दिसेल याचे आकडे. ती त्यांनी बादशहा मुहम्मदशहाच्या नावानं फारसीत तयार करवली, ‘जिज मुहम्मदशाही’. तिच्या प्रस्तावनेत वेधशाळेची वंशावळच दिली आहे. आधी मुसलमानी ग्रंथांबरहुकूम, मध्य आशियातल्या समरकंदच्या वेधशाळेत होती तशी पितळी यंत्रं केली, असं तिथे सांगितलं आहे. ‘जात-उल-हलक’, ‘जात-उल-शुबतैन’, ‘सुद्स-ए-फख्री’ अशी नावंही दिली आहेत. पण पितळी यंत्रं लहान पडतात, त्यांवर कलांच्या (अंशाच्या साठाव्या भागांच्या) खुणा मावत नाहीत, आस झिजतो, केंद्र सरकतं, म्हणून दगड आणि चुन्याची नवी यंत्रं बांधली: जयप्रकाश, राम यंत्र, सम्राट यंत्र. दिल्लीच्या यंत्राचं मापही दिलं आहे: त्रिज्या अठरा हात, आणि एका कलेला दीड जवाच्या दाण्याएवढी जागा.

प्रदर्शन रचणाऱ्याला यापेक्षा चांगली संहिता मिळणार नाही. समस्या दिली आहे, आधीचा उपाय दिला आहे, तो का अपुरा पडला ते दिलं आहे आणि नवा उपायही. तरीही पाहणारा बाहेर पडतो तो ‘जगातलं सगळ्यांत मोठं सूर्यघड्याळ’ आणि आपल्या राशीच्या यंत्रापुढचा फोटो घेऊन. राशिवलयाची बारा यंत्रं लोकांना आवडतात यात काही वावगं नाही. पण समरकंद, मराघा, रय ही जुन्या इस्लामी वेधशाळांची गावं त्याच्या कानावर पडली तरी हाताशी लागत नाहीत. एखाद्या फलकावर नाव आलं, वाचलं, विसरलं.

आणि दोन तयार कथा त्याची वाट पाहत असतात. एक म्हणते, हे सगळं मूळचं आपलंच, बाहेरच्यांचा संबंध नाही. दुसरी म्हणते, हे सगळं समरकंदची नक्कल. जयसिंहांची स्वतःची प्रस्तावना दोन्ही खोडून काढते. समरकंदचं ऋण ते उघड मांडतात आणि सम्राट यंत्र आपली कल्पना आहे असंही सांगतात.

सावलीची कड

हाताला काय द्यायचं, याचं सर्वांत चांगलं उत्तर सम्राट यंत्रातच आहे.

यंत्राची भिंत सुमारे 27 मीटर उंच, तिची तिरपी कड ध्रुवाकडे रोखलेली. दोन्ही बाजूंच्या कमानींची त्रिज्या 15 मीटरच्या थोडी वर. गणित सोपं आहे: एवढ्या त्रिज्येवर सावली सेकंदाला मिलिमीटरभर सरकते, मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर. पट्टीजवळ उभं राहिलं तर ती चालताना दिसते. पट्टीवरच्या बारीक खुणा दोन दोन सेकंदांच्या आहेत.

आता सावलीची कड जवळून बघा. ती रेघ नसतेच. गडद सावली हळूहळू फिकी होत उन्हात विरते आणि हा धूसर पट्टा चौदाएक सेंटिमीटर रुंद असतो. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून असं होतं. वेळेत सांगायचं तर दोन मिनिटांचा गोंधळ. मग दोन सेकंदांच्या खुणांचा उपयोग काय?

यंत्र दुप्पट मोठं केलं तरी सुटका नाही, कारण धूसर पट्टाही दुप्पट होतो. ‘मोठं यंत्र म्हणजे अचूक यंत्र’ हे जंतरमंतरमध्ये दिवसातून शंभरदा म्हटलं जाणारं वाक्य इथे अडखळतं. मोठेपणामुळे खुणा मोकळ्या होतात, बांधकाम हलत नाही. सावली मात्र धारदार होत नाही.

उपाय आहे साध्या दोरीचा. बारीक दोरी सावलीच्या कडेला समांतर, पट्टीपासून सेंटिमीटरभर वर ताणून धरायची आणि उन्हातून सावलीकडे हलकेच सरकवायची. उन्हात दोरीची स्वतःची बारीक सावली पट्टीवर स्पष्ट दिसते. धूसर पट्ट्यात शिरली की ती फिकी होत जाते आणि एका जागी दिसेनाशी होते. ती जागा वाचायची. स्वच्छ उन्हात सरावलेला माणूस या रीतीनं काही सेकंदांच्या अचूकतेपर्यंत पोचतो.

इथे प्रदर्शनाचा पहिला प्रयोग बसवावा असं मी सुचवेन. घोळक्यातल्या प्रत्येकानं आधी नुसत्या डोळ्यानं वेळ वाचायची आणि शेजाऱ्याला न सांगता पाटीवर लिहायची. मग तेच दोरीनं. दोन्ही वेळा आकडे फळ्यावर मांडायचे. पहिल्या खेपेला ते विखुरलेले असतील, दुसऱ्या खेपेला जवळ येतील. निरीक्षण म्हणजे काय, चूक किती हे सांगता येणं म्हणजे काय, हे इतक्या थोड्या वेळात दुसऱ्या कुठल्या रीतीनं शिकवता येईल असं मला वाटत नाही. मूळ यंत्राला हात लागू नये ही पुरातत्त्व खात्याची काळजी रास्त आहे. दोरी पट्टीला टेकवायची नसते, त्यामुळे पट्टीला धोका नाही, आणि गर्दी नको असेल तर शेजारी मीटर-दीड मीटर त्रिज्येची प्रतिकृतीही चालेल. धूसरपणा कोनात मोजला तर तिथेही तेवढाच असतो.

अंधारी खोली

सम्राट यंत्राच्या पोटात अंधाऱ्या खोल्या आहेत. त्यांत षष्ठांश यंत्र आहे, म्हणजे साठ अंशांचा कंस. हीच जिजच्या प्रस्तावनेतली ‘सुद्स-ए-फख्री’. जंतरमंतर आणि इस्लामी वेधशाळा यांना जोडणारा सगळ्यांत सरळ धागा इथे आहे आणि सर्वसाधारण पाहुण्याला नेमकी हीच जागा पाहायला मिळत नाही.

चाल अशी: वर बारीक भोक, खाली उत्तर-दक्षिण कंस. सूर्य माध्यान्हीला आला की त्याची गोल प्रतिमा कंसावरून सरकत जाते. जयपूरच्या कंसाची त्रिज्या साडेआठ मीटरच्या पुढे आहे, म्हणजे प्रतिमा आठेक सेंटिमीटरची, आणि एक कला म्हणजे अडीच मिलिमीटर. प्रतिमेच्या दोन्ही कडा वाचायच्या, मध्य काढायचा, झाला माध्यान्हीचा सूर्याचा उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची.

या यंत्राचा मूळपुरुष खगोलशास्त्रज्ञ अल-खुजंदी. त्यानं 994 मध्ये, आजच्या तेहरानजवळच्या रय इथे, बुवैही सुलतान फख्र-उद-दौला याच्या आश्रयानं सुमारे 20 मीटर त्रिज्येचा असा कंस बांधला; ‘फख्री’ हे नाव त्या सुलतानावरून. उन्हाळ्यातला सर्वांत उंच आणि हिवाळ्यातला सर्वांत खालचा सूर्य मोजून, फरकाच्या निम्म्यावरून त्यानं क्रांतिवृत्ताचा, म्हणजे सूर्याच्या वार्षिक वाटेचा, कल काढला (पृथ्वीच्या आसाचा कलही हाच): 23 अंश 32 कला. त्या काळातली खरी किंमत होती 23 अंश 34 कलांच्या आसपास. चूक कुठे झाली याचं कारण खगोलशास्त्रज्ञ अल-बिरुनीनं नोंदवून ठेवलं आहे: दोन मोजमापांच्या दरम्यान यंत्राच्या भाराखाली वरचं भोक वीतभर खचलं. पुढे समरकंदचा राज्यकर्ता उलुग बेग यानं 1420 च्या दशकात तिथे वेधशाळा उभारली तेव्हा कंसाची त्रिज्या सुमारे 40 मीटर ठेवली आणि त्याचा खालचा भाग जमिनीतल्या खडकात कोरला. त्याचा आकडा 23 अंश 30 कला 17 विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), चूक अर्ध्या कलेच्या आसपास. तो जमिनीखालचा भाग 1908 मध्ये पुरातत्त्वज्ञ व्याटकिन यांनी उकरून काढला. आजही तो समरकंदला बघता येतो.

दगड का, खडक का, एवढं मोठं का, याचं उत्तर खचलेल्या त्या भोकात आहे. जयसिंहांची ‘केंद्र सरकतं’ ही तक्रार याच घराण्यातली.

ही खोली दुपारी पंधरा-वीस मिनिटं, मोजक्या माणसांसाठी, वेळ ठरवून उघडता आली तर दुसरा प्रयोग तयार आहे. कंसावर उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या टोकाच्या खुणा दिसतील अशा ठेवायच्या. जयपूरला त्यांच्यात सातेक मीटरचं अंतर येतं. पाहुण्यांनी आजची प्रतिमा वाचायची, खुणांमधलं अंतर मोजायचं, निम्मं करायचं. शेजारी तीनच आकडे लिहायचे: रय 23° 32′, समरकंद 23° 30′, आज 23° 26′. पृथ्वीचा कल शतकागणिक कमी होतो आहे, हे पुस्तकात वाचलेलं वाक्य इथे तीन माणसांच्या मोजणीतून समोर येतं. आकड्यांतल्या घसरणीचा काही भाग खुजंदीच्या चुकीचा आहे, हेही सांगायचं. लपवलं तर प्रयोगाचा अर्धा जीव जातो. खोली उघडणं शक्यच नसेल, तर वेळ दाखवणारा कॅमेरा आत आणि पडदा बाहेर, एवढं तरी करावं.

‘पहिला कोण’ या फलकांबद्दल

इस्लामी विज्ञानाची प्रदर्शनं जगात गेल्या दोन दशकांत बरीच झाली. इस्तंबूलच्या गुल्हाने बागेत 2008 साली उघडलेल्या संग्रहालयात, फुआत सेझगिन यांनी फ्रँकफर्टच्या संस्थेत ग्रंथांवरून करवून घेतलेल्या यंत्रांच्या प्रतिकृती आहेत. ‘1001 इन्व्हेन्शन्स’ हे फिरतं प्रदर्शन 2010 मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आलं, तिथून इस्तंबूल, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस असं फिरलं. जुना यंत्रकार अल-जझरी याच्या हत्ती-घड्याळाची सहा मीटर उंच प्रतिकृती हे त्याचं मुख्य आकर्षण. ज्यांनी हा विषय कधी ऐकला नव्हता अशा असंख्य लोकांपर्यंत तो पोचला, आणि हे काम मला मोठं वाटतं.

पण विज्ञानाच्या इतिहासकारांनी त्यावर टीकाही केली आणि ती मला पटते. ‘अमुक शोध आम्ही युरोपच्या शेकडो वर्षं आधी लावला’ अशी यादी झाली की पुरावा मागे पडतो. खगोलशास्त्रातलं ठळक उदाहरण ‘मरियम अल-अस्तुरलाबी’ हिचं. तिनं अस्तुरलाब (सूर्य-ताऱ्यांच्या उंचीवरून वेळ काढायची तबकडी) शोधला किंवा सुधारला, असं पोस्टरांवर आणि समाजमाध्यमांवर छापलं जातं. मूळ आधार आहे दहाव्या शतकातल्या इब्न अल-नदीमच्या सूचीतली एक ओळ: अल-इजली या यंत्रकाराची मुलगी अल-इजलिय्या, यंत्रकारांच्या त्याच यादीत, अलेप्पोच्या सैफ-उद-दौलाकडे कामाला. ‘मरियम’ हे नाव तिथे नाही, शोधाचा उल्लेख नाही. दहाव्या शतकात एक बाई दरबारात यंत्रं घडवते, ही नोंद जशी आहे तशीच पुरेशी विलक्षण आहे. तिला फुगवून आपण तिचंच नुकसान करतो.

जयपूरला हा मोह टाळणं सोपं आहे, कारण दाखवायला खरा आणि जास्त चमत्कारिक पुरावा हाताशी आहे. मराघ्याच्या वेधशाळेत (स्थापना 1259) काम करणाऱ्या नसीरुद्दीन तुसीनं दोन वर्तुळांची एक युक्ती काढली: मोठ्या वर्तुळाच्या आत, निम्म्या व्यासाचं छोटं वर्तुळ न घसरता फिरवलं, तर छोट्याच्या परिघावरचा बिंदू सरळ रेषेत मागे-पुढे जातो. फक्त वर्तुळाकार गती वापरून सरळ गती! ग्रहांच्या जुन्या मांडणीतल्या एका विसंगतीवर त्याला उपाय हवा होता. त्याच्या ग्रंथातल्या ज्या प्रकरणात ही युक्ती आहे, ते प्रकरण बिर्जंदी या भाष्यकाराच्या टीकेसह 1729 मध्ये जयसिंहांच्या दरबारात नयनसुख उपाध्याय यांनी एका मुस्लिम विद्वानाच्या मदतीनं संस्कृतात आणलं. त्याच दरबारात जगन्नाथ सम्राटांनी तुसीच्या अरबी पाठांवरून युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ग्रंथ संस्कृतात आणला.

लाकडी दात असलेलं एक रिंगण, आत निम्म्या व्यासाची चकती, चकतीच्या काठाला पेन्सिलपुरतं भोक. मूल चकती फिरवतं आणि कागदावर सरळ रेघ उमटते. मोठी माणसं ती दुसऱ्यांदा फिरवून बघतील याची मला खात्री आहे, कारण डोळ्यांना ते खोटं वाटतं. शेजारी नयनसुखांच्या संस्कृत पाठातली आकृती ठेवावी. मराघ्याहून जयपूरला काय आलं, हे तिथे फलकाशिवाय कळेल.

जंतरमंतरमधल्या यंत्रराजाबद्दल थोडक्यात. दोन मीटरहून मोठी ही धातूची तबकडी म्हणजे अस्तुरलाब. भारतात त्यावर पहिला संस्कृत ग्रंथ 1370 मध्ये फिरोजशहा तुघलकाच्या दरबारातल्या महेंद्र सूरी या जैन पंडितानं लिहिला. पाहुण्याच्या हातात 27 अक्षांशासाठी छापलेला पुठ्ठ्याचा अस्तुरलाब द्यावा, सूर्याची उंची त्यावर लावून वेळ काढायला सांगावी आणि सम्राट यंत्रावरच्या वेळेशी ताडून बघू द्यावी. दोन वेगळ्या वाटांनी एकच वेळ निघाली की विश्वास बसतो.

जे सांगायला अवघड आहे

दोन गोष्टी टाळून चालणार नाहीत. पहिली दुर्बिणीची. ही यंत्रं बांधली गेली तेव्हा युरोपात दुर्बीण बसवलेली मोजयंत्रं विकलांपर्यंत पोचली होती. उघड्या डोळ्याची मजल एका कलेच्या आसपास संपते. जयसिंहांकडे दुर्बीण होती. त्यांनी पोर्तुगालला माणसं पाठवली, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ला हिरेची कोष्टकं मागवली, ताडून पाहिली आणि त्यांत चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक असल्याचं नोंदवलं. म्हणजे परंपरा बंद डोळ्यांची नव्हती, तरीही दगडी वेधशाळा एका रस्त्याच्या शेवटी उभी होती. हे फलकावर स्पष्ट लिहावं. समरकंदपासून चालत आलेल्या लोकांनी उघड्या डोळ्याची मर्यादा कुठवर ताणली, हे त्याशिवाय समजत नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची. एवढ्या दगडामागचं खरं उत्पादन होतं जिज, कोष्टकांचं पुस्तक, आणि कोष्टक प्रदर्शनात मांडायला सगळ्यांत रूक्ष. मला एकच वाट दिसते. जयप्रकाशच्या वाटीत तारांच्या मध्यावरच्या कड्याची सावली पडते आणि सूर्य क्रांतिवृत्तावर कुठे आहे ते वाचता येतं. पाहुण्यानं ते वाचावं, मग जिजच्या रीतीनं काढलेला आजच्या तारखेचा आकडा छापील तक्त्यात शोधावा, आणि शेवटी आपलं पंचांग उघडावं. पहिले दोन जवळपास जुळतील. पंचांगातला आकडा सुमारे 24 अंशांनी वेगळा येईल, कारण जिज वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे असताना सूर्य असतो त्या बिंदूपासून मोजते (ही सायन रीत) आणि आपली बहुतेक पंचांगं निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भानं मोजणारी आहेत. त्या फरकावर प्रश्न येणार, आणि राशिवलयापुढे फोटो काढून आलेल्यांकडूनच सगळ्यांत जास्त येणार. म्हणून हा तक्ता राशिवलयाच्या अगदी शेजारी लावावा, आणि तिथे उभा राहणारा गाइड सायन-निरयन समजावून सांगू शकेल एवढी त्याची तयारी आधी करून घ्यावी.